मऊ मऊ मांडी

मृदुलानं पाठवलेल्या पत्रिकेला मी तीन दिवस झाले उत्तर दिलेलं नाही. मृदुला माझी भाची, रुक्माअक्काची मुलगी; मावशीला ती चित्ती म्हणते. ज्या विद्यापीठात मी शिकले तिथेच ती आता शिकवते. तिथे वारसा सप्ताह आहे. विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकांनीही आपापल्या घरातलं काहीतरी सादर करायचं म्हणे. पत्रिकेवर मंदिराचं गोपुर, पणती, कोलमची रांगोळी आणि खाली मृदुलाचं नाव. नावापुढे ‘तंजावूर मराठी तालाट्टु’. तालाट्टु म्हणजे अंगाई. पत्रिकेखाली तिनं इंग्रजी अक्षरांत तमिळ लिहिलं आहे, नेहमीसारखं: ‘जानूचित्ती, पणजीच्या वहीत पहिल्या ओळीत मादी असं दिसतंय. अम्मा मांडी म्हणते. बरोबर कुठलं? एवढंच सांग. मोठा फलक रंगवायचा आहे.’

एवढंच सांग. बाई गं, याच एका शब्दापायी आमच्या घराचं काय झालं ते तुला कोण सांगणार!

आमचं घर अंबत्तूरला होतं, औद्योगिक वसाहतीच्या मागच्या गल्लीत. अप्पा एका छोट्या कारखान्यात फोरमन होते. मोटारींचे लहानसहान भाग तिथे पत्र्यातून दाबून काढत. आमच्या भिंतीपलीकडेच ती दाबयंत्रं. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच धप्प, धप्प, धप्प. पाहुणे हैराण होत, पण आम्हाला ती थांबली की चुकल्यासारखं व्हायचं. अप्पांच्या सदऱ्याला तेलाचा वास यायचा आणि अम्माच्या पदराला हिंगाचा, आणि त्या दोन वासांच्या मधे मी आणि अक्का वाढलो. घरात बोलणं मराठी, पण कसली मराठी! ‘काय करते आहेस’ला आम्ही ‘काय करुलालीस’ म्हणायचो, भांडण तमिळमध्ये करायचो आणि शाळेतलं सगळं इंग्रजीत. अम्मानं मराठी अक्षर कधी पाहिलं नव्हतं. तिची आईही तशीच. अम्मा कुंभकोणमहून लग्न होऊन आली तेव्हा तिच्याबरोबर आजीची एक वही आली होती. त्यात मराठी गाणी, आरत्या, डांगर पचडीत किती उडदाचं पीठ आणि किती ताक, असं सगळं तमिळ अक्षरांत लिहिलेलं. तमिळ लिपीत त आणि द यांना एकच अक्षर. वाचणाऱ्यानं आपलं समजून घ्यायचं. ज्याला शब्द आधीच ठाऊक आहे त्याला काही अडचण नाही. आम्हाला शब्द ठाऊक नव्हते, आणि आपल्याला ते ठाऊक नाहीत हेही ठाऊक नव्हतं.

त्या वहीतलं एक गाणं अम्मा आम्हाला निजवताना म्हणायची. दुपारी जेवणं झाली की ती भिंतीला टेकून पाय पसरून बसायची, अंगाशी घेतलेल्या लेकराला थोपटायची, आणि तिच्या नकळत तिचं थोपटणं पलीकडच्या यंत्राच्या धप्प-धप्पशी जुळून जायचं.

मऊ मऊ मांडी, वरी मीठ पसरिलें
बाळ माझें निजविलें
उशाशीं ठेविलें दूध द्रोणामधीं
उठशील कधीं
गेले सारे घरा, मागें न पाहतां
नीज बाळा आतां

मांडीवर मीठ कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. अम्मानं कपाळाला हात लावला. “एवढं समजत नाही काय गे? दृष्ट काढायची. मीठ ओवाळतात नाही काय बाळावरनं?” आणि दूध? उठल्यावर भूक लागते म्हणून. आणि सगळे घरी का गेले, मागं का बघायचं नाही? “सगळे गेले की गलबला नाही. मागं बघितलंस की झोप मोडते. निज आता गपचूप.” एवढ्यावर माझं समाधान झालं. तिला विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाला उत्तर असायचंच. मीही तशीच झाले आहे. ठाऊक नसलं तरी उत्तर देते.

आम्हा दोघींच्या पाठीवर बाबू झाला. मी सहा वर्षांची होते, अक्का नऊची. गोरापान, कपाळ मोठं, हसला की एकाच गालाला खळी. अप्पांनी कारखान्यातून त्याला पत्र्याच्या चकत्यांचा खुळखुळा करून आणला होता. तो चौदा महिन्यांचा असताना त्याला ताप आला आणि चार दिवसांत तो गेला. त्या चार दिवसांतलं मला एवढंच आठवतं की डॉक्टर दोनदा येऊन गेले, यंत्रं नेहमीसारखी चालू होती, आणि अम्मा त्याला मांडीवरून खाली ठेवत नव्हती. सारखी गात होती. गळा बसला तरी गात होती. शेवटी शेवटी आवाज नव्हताच, नुसते ओठ हलत होते. नंतर अप्पा आणि दोन शेजारी त्याला घेऊन गेले. आम्हा मुलींना शेजारच्या मामींनी आपल्या घरी इडल्या खायला बसवलं. मी चार खाल्ल्या. आजही इडली तोंडात घातली की कधीकधी त्याची लाज वाटते.

पुढे मी एम.ए.ला गेले. लोकसाहित्य शिकवणाऱ्या आमच्या बाई तमिळ होत्या, भल्या होत्या, आणि त्यांना कुठलीही जुनी गोष्ट दिसली की आनंदाचं भरतं यायचं. वारसा सप्ताह त्यांनीच सुरू केला होता. प्रत्येक भाषेचा मांडव, खाणं, गाणं, संध्याकाळी मोठा कार्यक्रम. मी तंजावरची मराठी आहे म्हटल्यावर त्या जवळजवळ उडाल्याच. “तीनशे वर्षांची भाषा, आणि तू मागच्या बाकावर गप्प बसतेस!” त्यांनी माझ्याकडून ते गाणं म्हणून घेतलं आणि फर्मान सोडलं, की गाणं तू गायचंस आणि मागे फलकावर ते मराठी अक्षरांत लिहायचंस. मी मराठी अक्षरं तेव्हा पहिल्यांदा गिरवली, लहान मुलांच्या उजळणीच्या पुस्तकावरून. वही समोर ठेवून एकेक शब्द उतरवत गेले. पहिल्याच ओळीला अडले. वहीत आजीनं लिहिलं होतं ते मादी असं वाचता येत होतं, मादीचा तिथे काही अर्थ लागत नव्हता, आणि अम्मा तर मांडी म्हणायची. मी ठरवून टाकलं, आजीचा एक ण लिहायचा राहिला आणि ड चा द झाला. फलकावर मोठ्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: मऊ मऊ मांडी. त अक्षराचा विचारसुद्धा मनात आला नाही. शाळेत तमिळ शिकलेल्या मुलीला, आणि तो यायला नको होता?

कार्यक्रमाला अम्मा कांजीवरम नेसून आली होती, पहिल्या रांगेत. शेजारी अक्का. अक्कानं घरच्यांचा विरोध पत्करून जॉर्ज टाउनमधल्या एका तमिळ व्यापाऱ्याच्या मुलाशी लग्न केलं होतं, आणि वर्षभराच्या अबोल्यानंतर नुकतं कुठे बोलणं सुरू झालं होतं, कारण अक्काला सातवा महिना होता. अम्मा तिचा हात हातात घेऊन बसली होती. मी गायला लागले. दुसऱ्या कडव्याला समोरची पोरं टाळ्यांचा ठेका धरू लागली. सगळं सभागृह ठेक्यात टाळ्या वाजवतंय, अम्मा गुडघ्यावर ताल धरतेय, अक्का पोटावर हात ठेवून हसतेय. एवढी खूश अम्मा मी आधी पाहिली नव्हती. नंतरही नाही.

खाली उतरले तर पडद्याच्या कडेला एक बाई उभी होती. महाराष्ट्राच्या मांडवात सकाळपासून पुरणपोळ्या लाटत होती ती, लोखंडेबाई. तिचा नवरा जवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात होता, मूळची सोलापूरकडची. हाताला अजून पीठ होतं. ती रडत होती. मला वाटलं, माझ्या गाण्याला दाद.

“कुणी शिकवलं गं तुला हे?”

“आमच्या अम्मानं. अंगाई आहे आमच्याकडची.”

“अंगाई?” तिनं माझ्या दंडाला धरलं. “अगं, कुणा लेकराला म्हणता ही अंगाई? मांडी न्हाई गं ती. माती हाय. मऊ मऊ माती, वर मीठ पसरलं. तान्हं लेकरू गेलं तर त्याला जाळत न्हाईत, पुरत्यात. खड्ड्यात मीठ घालत्यात. उशाशी दूध ठेवत्यात. आन् निघताना कुणी मागं बघायचं नसतं.”

“हे गाणं तुमच्याकडे आहे?” मी विचारलं. विद्यार्थिनी ना मी! मला गाण्याची पडली होती.

“गाणं मी कधी ऐकलं न्हाई,” ती म्हणाली. “पर मीठ माझ्या हातानं घातलंय.”

एवढं बोलून डोळे पुसून ती आपल्या मांडवाकडे परत गेली. पोळ्या संपल्या नव्हत्या अजून.

माझं वय बावीस होतं. या वयात माणूस किती निर्दय असतो याचा पुरावा मागितला तर मी स्वतःला पुढे करीन. त्या बाईचं दुःख माझ्या अंगावरून वाहून गेलं आणि हाताशी राहिला तो शोध. त आणि द! एका अक्षराचा घोटाळा, आणि तीन पिढ्या शोकगीताला अंगाई समजून बसल्या. लोकसाहित्याच्या बाईंना सांगितलं तर त्या नाचतील. घरी जाईपर्यंत मी मनात निबंधाचं शीर्षकसुद्धा ठरवलं होतं. अक्का बसमधून जॉर्ज टाउनला गेली, आणि त्या दिवशी पाहुण्यांच्या गडबडीत राहिलं म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात अम्माला सांगितलं.

ती डांगर पचडी करत होती. ताकात पीठ कालवून झालं होतं आणि मीठ घालायला तिनं बरणीत हात घातला होता. मी दाराला टेकून कोडं उलगडून दाखवावं तसं सांगत गेले. “अम्मा, ऐक तर गंमत. मांडी नव्हेच गे ते. माती!” मग मीठ कशाचं, दूध कुठे, मागं का पाहायचं नाही. मी हसलेसुद्धा. आजीची लिपी कशी, आपण कसे वेडे. आणि बोलता बोलता मला दिसलं की तिचा हात बरणीतून वर येत नाहीये.

शपथेवर सांगते, तोवर मला बाबू आठवला नव्हता. पंधरासोळा वर्षांत तो माझ्या मनातून इतका लांब गेला होता.

“मीठ खड्ड्यात घालतात?” तिनं विचारलं.

मी मान डोलावली.

“त्याला मी चार दिवस हेच म्हणत होते,” अम्मा म्हणाली. “ताप उतरेना तर आणखी जोरानं म्हणत होते. निज बाळा, निज बाळा. माझ्या मांडीवर होता गे तो. मांडीवर घेऊन मी त्याला मातीत निजवुलाले होते.”

“अम्मा, गाण्यानं काही होत नाही. त्याला ताप होता.”

“आईला ठाऊक होतं,” ती माझं न ऐकता म्हणाली. “ती दुपारची एकटीच म्हणायची. मी ल्हान होते, दाराशी बसून ऐकत असे. घरात पाळणा नव्हता, जानू. माझ्याआधी एक झालं होतं म्हणतात, गेलं. मला वाटायचं ती मला निजवते. मी दाराशी, आणि ती भिंतीकडे तोंड करून.” मग तिनं हात बरणीतून काढला, झटकला, पदराला पुसला, पुन्हा पुसला. “तू घाल मीठ.”

मी घातलं. त्यानंतर तिनं माझा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. “रुक्माला सांगायचं नाही. तिला मी हेच म्हणून वाढवली, तुलाही. तुम्ही दोघी वाचलात. तिच्या पोटात आहे आता. तिच्या मनात हे शिरलं तर ती जन्मभर त्या लेकराचा श्वास मोजत बसेल. शपथ घे.” मी घेतली. निबंध लिहिला नाही. बाईंना वाटलं मी आळशी आहे.

अक्काला मुलगी झाली. हीच मृदुला. बारसं जॉर्ज टाउनला, खाली मसाल्यांचं दुकान आणि वर घर. मिरच्यांच्या खकाण्यानं सगळे शिंकत होते. पाळण्याला फुलं बांधली, नाव कानात सांगून झालं, आणि अक्का एखाद्या लहान मुलीसारखी म्हणाली, “अम्मा, आता आपलं गाणं.” सासरच्यांना तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. सगळे वाट पाहू लागले. अम्मा पाळण्याच्या दोरीला हात लावून उभी होती. ओठ उघडले, मिटले. “घसा बरा नाही,” ती म्हणाली. अक्का हसली, “बेसूर चालेल गे, दोन ओळी.” अम्मानं दोरी सोडली आणि मागे सरली. मी म्हणते, असं मी पुढे होऊन म्हणावं तर ते कसं म्हणू? दुसरं गाणं म्हणावं, तर आम्हाला दुसरं येत होतं कुठे? अक्काच्या सासूनं शेवटी तमिळ तालाट्टु धरला, चांगला गोड गळा होता त्यांचा. अक्का पाळण्याकडे बघतच राहिली. आम्ही निघताना जिन्यात तिनं अम्माला गाठलं.

“विद्यापीठात तिनं गायलं तेव्हा ताल धरत होतीस. माझ्या मुलीपुढे घसा बसला? जातीबाहेरची म्हणून ना?”

अम्मानं नाही म्हणायला हवं होतं. ती गप्प राहिली. आणि मी, जिला सगळं ठाऊक होतं, मी चपला शोधत राहिले.

अक्काचं येणं कमी होत गेलं आणि मग बंदच झालं. दिवाळीला डबा यायचा दुकानातल्या नोकराच्या हाती. मृदुला पाच वर्षांची झाली, दहाची झाली, अम्मानं तिला फोटोतच पाहिलं. सांगून टाकते अम्मा, असं मी कितीदा म्हटलं असेन. प्रत्येक वेळी ती फक्त माझा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवायची. मी लग्न केलं नाही, बँकेत नोकरी केली, अप्पा गेले, कारखाना विकला गेला आणि तिथे संगणकवाल्यांची काचेची इमारत झाली. भिंतीपलीकडचं धप्प-धप्प थांबलं. घरात दोनच बायका. आणि त्या सकाळपासून अम्मानं मिठाला हात लावला नाही. फोडणी ती द्यायची, पीठ ती कालवायची, आणि मग हाक मारायची, “जानू, मीठ.” मी बँकेत असले तर सगळं अळणी राहायचं. लोक म्हणत, तुमच्या अम्माला रक्तदाब आहे वाटतं.

मी मराठी नीट शिकले ती त्याच काळात. पुस्तकं मागवली, शुद्धलेखन घोटलं. उशिरानं का होईना, त आणि द वेगळे लिहिता यावेत म्हणून. लोकांना वाटतं मातृभाषेचं प्रेम. प्रेम कसलं!

गेल्या वर्षी अम्माला झटका आला. बोलणं गेलं, उजवा हात गेला. मी अक्काला फोन केला आणि ती आली, मृदुलाला घेऊन आली. इतक्या वर्षांनी त्या दारातून आत येताना तिचे गुडघे दुखत होते, माझ्यासारखेच. भर दुपार होती. अम्मा तळमळत होती, डोळ्याला डोळा नव्हता तिचा. अक्का पलंगावर चढली, भिंतीला टेकून पाय पसरून बसली, अम्माचं डोकं उचलून मांडीवर घेतलं आणि थोपटत थोपटत म्हणायला लागली. मऊ मऊ मांडी. एक शब्द विसरली नव्हती.

अम्मानं डोळे उघडले. अक्काकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. तिला काय विचारायचं आहे ते मला कळलं. मी मान हलवली. नाही अम्मा, तिला ठाऊक नाही. मी नाही सांगितलं. अक्का रडत रडत गात होती, “तू माझ्या लेकीला नाही म्हटलंस, जा, मी तुला म्हणते,” असं मधेच तमिळमध्ये म्हणाली आणि पुन्हा पुढची ओळ. उशाशीं ठेविलें दूध. अम्मानं ते सगळं ऐकलं. नजर माझ्यावरून काढली नाही. मला अक्काचं तोंड दाबावंसं वाटलं, आणि मी पायाशी बसून राहिले. शेवटच्या ओळीला अम्माचे डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

मृदुला दाराशी उभी राहून फोनवर ते सगळं टिपत होती. आजीची आठवण म्हणून. तेच ती आता सभागृहात ऐकवणार आहे, मग स्वतः गाणार आहे. पोरं टाळ्यांचा ठेका धरतील. वही आता तिच्याकडे आहे. ती हुशार आहे, प्रश्न बरोबर जागी विचारला तिनं. त आणि द यांच्यापासून ती एका पावलावर उभी आहे.

खरं सांगितलं तर अक्काला कळेल की अम्मानं तिच्या लेकीवर माया केली म्हणूनच ती गप्प राहिली. तीस वर्षांचा राग निघून जाईल. आणि त्याच क्षणी हेही कळेल, की मरणाऱ्या आईला तिनं मांडीवर घेऊन काय ऐकवलं. एक काढून दुसरं द्यायचं. अक्का आता साठीकडे चालली आहे. हे तिला झेपायचं नाही.

म्हणून मी हे इथे मराठीत लिहिलं आहे. अक्काला मराठी अक्षर वाचता येत नाही, मृदुलालाही नाही. माझ्या घरच्यांपासून काही लपवायचं असेल तर मराठीत लिहून ठेवावं.

आत्ता चष्मा लावून मृदुलाला उत्तर लिहिलं, तमिळ अक्षरांत, ण स्पष्ट दिसेल असं. ‘पणजीचं चुकलं होतं. मांडीच बरोबर. फलकावर मोठं लिही.’